अवर सचिवांचा गहू

परग्रहावरचा राक्षस परवडला, पण कृषी खात्याचा अवर सचिव नको, असं कॅप्टन कर्कला त्या दिवशी नक्की वाटलं असणार. 'स्टार ट्रेक'चा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग अमेरिकेत एनबीसीवर २९ डिसेंबर १९६७ रोजी दाखवला गेला. कर्क म्हणजे एरवी शर्ट फाटेस्तोवर झुंजणारा गडी. त्याला तातडीचा संदेश येतो, के-७ अंतराळस्थानक संकटात आहे. त्याचं एंटरप्राइझ जहाज जिवाच्या आकांताने तिथे पोचतं आणि बघतं तर काय, सगळं आलबेल. अवर सचिव निल्झ बॅरिस साहेबांना गोदामातल्या धान्यावर पहारा हवाय, एवढंच.

धान्याचं नाव क्वाड्रोट्रिटिकेल. गहू आणि राय यांच्या संकरातून झालेलं ट्रिटिकेल खरोखरच पिकतं. लेखकाने त्यालाच एक बढती दिली. शर्मन नावाच्या ग्रहावर पृथ्वीचं हे एवढं एकच धान्य उगवतं, आणि जो तो ग्रह नीट पिकवून दाखवेल त्याचा त्यावर हक्क, असं क्लिंगन या प्रतिस्पर्धी जमातीशी ठरलेलं. तेव्हा साहेबांची काळजी अगदीच अस्थानी नव्हती. पण काही माणसं बरोबर असली तरी ऐकवत नाहीत. कर्क चिडून दोन शिपाई पहाऱ्याला देतो. फक्त दोन! साहेब वरपर्यंत तक्रार नेतात. सरकारी कचेरीत चार खेपा घातलेल्या मराठी माणसाला यापुढे विज्ञानकथा समजावून सांगावी लागत नाही.

मग सिरानो जोन्स नावाचा फिरता विक्रेता येतो. त्याच्याकडे ट्रिबल्स: डोळे नाहीत, पाय नाहीत, मुठीत मावेल एवढा केसाळ गोळा, हात फिरवला की गुरगुर करतो. कर्कची सहकारी उहुरा एक घेऊन जहाजावर येते आणि झालं. डॉक्टर मॅकॉयचं निदान असं की ही जात गरोदरच जन्माला येते, त्यामुळे वेळ बराच वाचतो. कर्क मशीनमधून सँडविच नि कॉफी घ्यायला जातो, तर ताटलीत ट्रिबल आणि कपातही ट्रिबल. कर्क झालेला विल्यम शॅटनर त्या ताटलीकडे ज्या चेहऱ्याने बघतो, तो चेहरा मला त्याच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा आवडतो.

गोदामाचं दार उघडतो तेव्हा तर कहरच. वरच्या खणातून धान्य फस्त केलेल्या ट्रिबल्सचा धबधबा कोसळतो, कर्क छातीपर्यंत बुडतो, आणि तरीही एकेक ट्रिबल टपकन त्याच्या डोक्यावर पडतच राहतो. सेटवरची माणसं वरून ते टाकत होती. हा सगळा प्रसंग चालू असताना कोणी हसत नाही, हीच त्यातली गंमत. कर्कचा सहकारी स्पॉक तर शांतपणे हिशेब सांगतो: १७,७१,५६१ ट्रिबल्स. मी कागद-पेन्सिल घेऊन पडताळा घेतला. एका ट्रिबलला बारा तासांनी दहा पिल्लं, म्हणजे दर खेपेला अकरापट. तीन दिवसांत सहा खेपा. अकराचा सहावा घात बरोबर तेवढाच येतो. आणखी बारा तास दार उघडलं नसतं तर आकडा गेला असता १,९४,८७,१७१ वर.

आईने हा भाग माझ्याबरोबर पाहिला. वर्षाचा गहू भरणाऱ्या बाईचं लक्ष भलतीकडेच. "कडुलिंबाचा पाला नव्हता का रे घातला त्यांनी?" मी सांगितलं, धान्यात विष कालवलं होतं, म्हणून बरेच ट्रिबल्स मेलेत. "मग उपयोगच झाला की किडीचा," ती म्हणाली. झालाच होता. विष उघडकीला आलं ते त्यांच्यामुळेच. क्लिंगन दिसला की ट्रिबल किंचाळतो. साहेबांचा मदतनीस डार्विन समोर येताच ट्रिबल ओरडला आणि बिंग फुटलं. साहेबांच्या नाकाखाली, साहेबांच्याच कचेरीत हेर!

हे सगळं लिहिणारा डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा. त्याची नजर तिरकी आहे. बारमध्ये क्लिंगन कर्कला यथेच्छ शिव्या घालतो तेव्हा इंजिनिअर स्कॉटी तरुण चेकॉव्हला दाबून खाली बसवतो. जहाजाला कचऱ्याची गाडी म्हटल्याबरोबर मात्र स्वतःच ठोसा लगावतो. नंतर चौकशीत कर्कला कळतं, की मारामारी आपल्यासाठी नव्हतीच. शिक्षा म्हणून स्कॉटीला खोलीत डांबतात, तर तो खूश: तांत्रिक मासिकं वाचायची राहिली होती. शेवटी जहाजावरचे सगळे ट्रिबल्स हाच इसम गुपचूप क्लिंगनांच्या इंजिनघरात पाठवून देतो. स्थानकावरचे वेचायचं काम जोन्सच्या गळ्यात पडतं. स्पॉकच्या मते, १७.९ वर्षं.

१९९६ मध्ये मालिकेला तीस वर्षं झाली तेव्हा 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेने आपली पात्रं जुन्या चित्रफितीत बेमालूम घुसवून या भागाला वंदन केलं. कर्कच्या डोक्यावर पडणारे ते चुकार ट्रिबल्स कुठून येत होते, याचंही उत्तर त्यात मिळतं: वर बसून नव्या मंडळींपैकी दोघं बॉम्ब शोधत एकेक खाली भिरकावत होती. वॉर्फ हा क्लिंगन गंभीरपणे सांगतो, की आमच्या योद्ध्यांनी पुढे आरमार पाठवून ट्रिबल्सचा समूळ नायनाट केला. त्याचा सहकारी ओडो तितक्याच गंभीरपणे विचारतो, की त्या महान शिकारीची गाणी अजून गातात का. वॉर्फ उत्तर देत नाही. आणि भागाच्या अखेरीस क्वार्कच्या बारमध्ये जिकडे पाहावं तिकडे ट्रिबल्सच. गिऱ्हाइकांनी इतका भरलेला बार त्या लोभी बारमालकाने कधी पाहिला नसेल, आणि एकाच्याही खिशात दमडी नाही.