दोन साडू, दोन स्थळं

माझे साडू माँट्रियालला राहतात आणि मी टोरंटोजवळ मिसिसागाला. मध्ये साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. तो कमी पडतो.

साडू हे नातं मोठं अवघड. दोन परके पुरुष, एकाच सासऱ्याने पसंत केलेले. सख्खे भाऊ असतो तर एकदा कडाकडा भांडून मोकळे झालो असतो. साडूंना ती सोय नाही. घराचा हप्ता, मुलांचे मार्क, कुणाच्या गच्चीवर कढीपत्ता जगला, सगळी तुलना मनातल्या मनात करायची आणि तोंडाने ‘आणखी एक मोदक घ्या’ म्हणायचं. आम्ही दोघांनी त्यावर हॉकीचा उतारा काढला. ते माँट्रियाल कॅनेडियन्सचे, मी टोरंटो मेपल लीफ्सचा. ह्या दोन संघांचं शंभर वर्षांचं वैर आयतंच होतं. आम्ही त्यात आमचं थोडं मिसळलं.

खरं तर मी खडकीचा, म्हणजे धनराज पिल्लेच्या गावचा. हॉकी म्हणजे गुडघे फुटणं आणि शर्टाला लाल माती, एवढंच मला ठाऊक. इथे बर्फावर सुसाट वेगाने धावणारी, पुढचे दोन दात हरवलेली धिप्पाड माणसं पाहिली आणि भारावून गेलो. पण पाहिली ती जुन्या चित्रफितीत. कारण मी २००४च्या ऑगस्टमध्ये उतरलो आणि सप्टेंबरात मालकांचं आणि खेळाडूंचं पगारावरून फाटलं. अख्खा हंगाम रद्द. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे मी येण्याच्या चार महिने आधी, लीफ्सनी ऑटवाला प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद स्पर्धेच्या, फेरीत हरवलं होतं. त्यानंतर पुढची फेरी त्यांनी जिंकली ती २०२३मध्ये. एकोणीस वर्षं! बायको ह्याला सरळ माझा पायगुण म्हणते.

२०२५ला गौरीपूजन नेमकं लेबर डेच्या सोमवारी आलं. जोडून सुट्टी मिळाली म्हणून साडू सहकुटुंब आले. शिवाय सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामाला कराडहून आलेल्या. आदल्या संध्याकाळी गौरी घरात आल्या, बायका दागिने घालण्यात (गौरींना) गुंतल्या आणि आम्ही दोघे सोफ्यावर बसून येत्या हंगामाच्या गप्पांना लागलो. टोरंटोचा पहिला सामना ८ ऑक्टोबरला, तोही घरच्या मैदानावर, तोही माँट्रियालशीच. दहा मिनिटांत आवाज इतका चढला की सासूबाई कापूस घेऊन आमच्यासमोरच वाती वळायला बसल्या.

“नक्की भांडण कशाचं आहे?”

“पुढचं भवितव्य कोणाचं चांगलं, ह्याचं.”

“मग मला सांगा. मी ठरवते. दोन मुली आणि सहा भाच्या उजवल्यात मी.”

स्थळ म्हणून आधी माझं आलं. मी घराण्यापासून सुरुवात केली. तेरा वेळा स्टॅनले कप जिंकलेला संघ. साडूंनी खाकरून ‘आमचे चोवीस’ एवढंच म्हटलं. मी पगारावर गेलो. कर्णधार ऑस्टन मॅथ्यूज, वर्षाला सव्वातेरा दशलक्ष अमेरिकी डॉलर. सासूबाईंनी रुपये करून मागितले. शंभर कोटींच्या वर गेले.

“आणि करतो काय?”

“दोन हंगामांपूर्वी एकट्याने ६९ गोल केले!”

“मग कप?”

कप नाही. मी विषय बदलायला मिच मार्नरचं नाव काढलं आणि तिथेच फसलो. मार्नर म्हणजे शेजारच्या मार्कममध्ये जन्मलेला, घरचाच मुलगा. २०२४-२५च्या हंगामात गोल आणि गोलांना हातभार मिळून १०२ गुण. आणि त्या जुलैच्या तोंडावर तो आठ वर्षांचा करार करून निघून गेला.

“कुठे गेला?”

“लास व्हेगसला.”

“जुगाराच्या गावी?” सासूबाईंची वात अर्धवट राहिली. “घरात बोलणी बसत असतील पोराला. उगाच कुणी वेगळं निघत नाही.”

हे त्यांनी एकही सामना न पाहता ओळखलं. बोलणी बसायचीच. प्लेऑफमध्ये हरलो की सगळं गाव त्याच्या पगाराचा हिशोब काढायचं, मीसुद्धा.

साडूंना आता चेव आला. ते म्हणाले, आई, ह्यांनी पुढचं उभं पीकसुद्धा विकलंय. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि दुर्दैवाने बरोबर सांगितलं. दर वर्षी, साधारण जूनमध्ये, नव्या पोरांची निवड होते. प्रत्येक संघाला पाळीपाळीने पोरं उचलता येतात, आणि ज्याचा हंगाम वाईट त्याची पाळी साधारण आधी. संघाचं भविष्य म्हणजे ही पहिली पाळी. लीफ्सनी मार्चमध्ये दोन खेळाडू आणण्यासाठी २०२६ची पहिली पाळी बॉस्टनला आणि २०२७ची फिलाडेल्फियाला देऊन टाकली. काही अटी आहेत, पण गहाणखतातही अटी असतातच.

बॉस्टनला! ज्यांनी आम्हाला २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४मध्ये सातव्या सामन्यात घरी पाठवलं, त्यांना. २०१३चा तो सामना मी अजून विसरलेलो नाही. शेवटच्या डावात आम्ही ४-१ असे पुढे. मी पेढे आणायला उठलो. त्यांनी आधी एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत जिंकले. पेढे दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेले आणि कशाचे म्हणून कुणी विचारलं तेव्हा बायकोचा वाढदिवस सांगितला.

आता साडूंचं स्थळ. ते आधी खुर्चीत सावरून बसले. २०२१-२२ला त्यांचा संघ सगळ्यांत शेवटचा आला होता, पण हे ते असं सांगतात की जणू व्रत केलं होतं. त्याचं फळ म्हणून सगळ्या संघांच्या आधी निवडायची पाळी मिळाली, निवडीचा सोहळाही माँट्रियालातच झाला आणि स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की घरात आला. त्याच निवडीत बासष्टाव्या क्रमांकावर लेन हटसन नावाचा बचावपटू मिळाला. मुलगा बुटका म्हणून बाकीच्यांनी नाकारलेला. उंची अजून वाढेल अशी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तो निवडकर्त्यांपुढे गेला होता.

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या शेजारच्यांनी अशीच चिठ्ठी दाखवली होती. मुलगा पाच-तीनच राहिला.”

“पण हा गेल्या वर्षी सगळ्या नवख्यांमध्ये पहिला आला! ६० गोलांना हातभार.”

मग एकोणीस वर्षांचा इव्हान डेमिडॉव्ह झाला, कर्णधार सुझुकीचे ८९ गुण झाले, जूनमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सकडून आणलेला नोआ डॉब्सन झाला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “सगळी पोरंच दिसतात. घरात कमाई काय आली आजवर?” साडू जरा हळू म्हणाले, यंदा प्लेऑफमध्ये अगदी शेवटच्या जागेवरून शिरलो. पाच सामन्यांत वॉशिंग्टनने परत पाठवलं.

“म्हणजे एकाची इस्टेट मोठी पण खर्चात चाललीय, आणि दुसऱ्याचा मुलगा शिकतोय.”

हे ऐकून मी गप्प बसलो. खाजगीत कबूल करायला हरकत नाही: पैज लावायचीच झाली तर पुढच्या पाच वर्षांसाठी मी माँट्रियालवर लावीन. मुलगा शिकतोय हे स्थळ नेहमीच बरं. पण हे साडूंच्या तोंडावर बोलण्यापेक्षा मी बॉस्टनची टोपी घालीन.

माझ्या अब्रूचं एवढ्यावर भागलं नाही. साडूंनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली. २२ फेब्रुवारी २०२०. टोरंटोत कॅरोलायनाचा सामना. पाहुण्यांचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले. मग नियमाप्रमाणे स्टेडियमात हजर असलेल्या राखीव माणसाला उतरवलं. बेचाळीस वर्षांचा डेव्हिड एअर्स, ज्याने बर्फ सारवायचं यंत्र चालवायचंही काम केलेलं. आणि लीफ्स त्याच्याकडून ६-३ हरले.

“सारवणाऱ्या माणसाकडून?” सासूबाई एवढं हसल्या की कापूस उडाला. तेव्हापासून त्या व्हॅक्यूम क्लीनर माझ्याकडे देताना ‘खेळून या’ म्हणतात.

मी त्यांना लीफ्सचं जुनं देवस्थान दाखवलं होतं, तेही अंगाशी आलं. मेपल लीफ गार्डन्स, १९९९पर्यंतचं घर. तिथे आता सुपरमार्केट आहे, आणि मैदानाचा मध्य जिथे होता तिथे फरशीवर एक लाल टिकला आहे. मी चपला काढायच्या बेतात होतो. सासूबाई ट्रॉली ढकलत आल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “कुणाचं कुंकू सांडलंय, पुसायला सांगा,” आणि चाक त्यावरून नेलं. माझ्या मुलाने तिथे फोटो काढून घेतला, तोही कॅनेडियन्सची लाल जर्सी घालून. मावशीने वाढदिवसाला पाठवलेली. क्वेबेकच्या एका पोराला चुकून लीफ्सचा स्वेटर मिळतो, अशी रॉक कॅरियरची गोष्ट कॅनडात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, तिच्यातलं वाक्य इथल्या जुन्या पाच डॉलरच्या नोटेवरही होतं. आमच्या घरात ती उलटी घडली, आणि चुकून तर नाहीच.

“बरं,” वातींची जुडी बांधता बांधता सासूबाईंनी शेवटचं विचारलं, “ह्या घरांत शेवटचं मंगलकार्य कधी झालं?”

“आमच्याकडे १९६७च्या मेमध्ये,” मी म्हटलं. “ह्यांनाच हरवून.”

त्यांचा हात थांबला. “सदुसष्ट? कोयनेच्या भूकंपाचं साल ते. आठवीत होते मी. डिसेंबर, पहाट व्हायची होती. आधी फडताळातली भांडी वाजली. आईला वाटलं मांजर. मग भिंतच आली. थंडीत कितीतरी रात्री अंगणात निजलो.” मग साडूंकडे वळून, “आणि तुमचं?”

साडू एरवी हा आकडा छातीवर मिरवतात. “१९९३, जून...” म्हणाले, आणि पुढे काही बोलेनात. साडू लातूरचे. त्या सप्टेंबरात गणपतीची मिरवणूक संपवून ते पहाटेच्या सुमारास घरी आले होते. किल्लारी तिथून फार लांब नाही. इतकी वर्षं कपाचं आणि भूकंपाचं, दोन्ही सालं त्यांच्या तोंडी होती, पण ती कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. आम्ही तिघेही थोडा वेळ गौरींकडे बघत बसलो. कॅनडातल्या कुठल्याच संघाने त्यानंतर कप जिंकलेला नाही.

“बाई गं,” सासूबाई म्हणाल्या. “राहू देत दोन्ही स्थळं. काही घाई नाही.” आणि बायकोला हाक मारून, “तू ह्यांच्या पायगुणाला उगाच नावं ठेवतेस. चांगला आहे.”

एकवीस वर्षांत माझ्या पायगुणाबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, सोळा भाज्या झाल्या, पुरणपोळी झाली. संध्याकाळच्या आरतीनंतर साडू जरा जास्तच वेळ डोळे मिटून उभे होते. मला संशय आला, म्हणून मीही मिटले. फार काही मागायचं नव्हतं. आठ ऑक्टोबरचा पहिला सामना, नि जमलं तर पुढचं थोडंसं, कपबिप असं थेट नाव न घेता. ओठ हलले असावेत.

“जावईबापू,” मागून हलकेच आवाज आला, “कराडला माझी धाकटी बहीण राहते हो अजून.”