चाक छताला, दिवे चाकाला

कर्नाळ्याच्या बाजूला किंवा नेऱ्याकडे, पनवेलच्या आसपासच्या एखाद्या फार्महाउसमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने खुर्चीत टेकून मान वर केली, की छताला टांगलेलं बैलगाडीचं चाक दिसण्याची शक्यता बरीच असते. चार साखळ्यांवर आडवं तोललेलं लाकडी चाक, तुंब्याच्या भोकातून ओवलेली वायर आणि आऱ्यांच्या टोकांना लोंबणारे आठ दिवे. पाहुणा हळूच खुर्ची बाजूला सरकवतो. यजमानाला वाटतं, नीट बघता यावं म्हणून सरकवली. "अस्सल आहे हं," तो सांगतो. "शेतावर चाललेलं चाक आहे. ही बघा, धाव कशी झिजलीय!" मोटारीच्या टायरची झीज दिसली तर गॅरेजवाल्याशी भांडणारा हा गृहस्थ या झिजेचे मात्र फोटो काढून पाठवतो.

खरं तर चाक टांगण्याचा पनवेलचा हक्क इतर गावांपेक्षा जास्त. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात येऊ लागला. तिथून पुढे होड्यांनी मुंबईला. गाड्या आल्या म्हणजे मोडतोड आली, मोडतोड आली म्हणजे सुतार-लोहार आले. गाड्या बांधणं हा पनवेलचा मोठा धंदा असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने करून ठेवली आहे. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली आणि हा राबता ओसरत गेला. एके काळी चाकं पुरवणारं गाव आता चाक विकत आणतं, तेही टेम्पोत घालून.

हे झालं फार्महाउसचं. पण पर्यावरणस्नेही सजावटीची हौस नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या घरातही पोचली आहे. तिथे चाक मावत नाही, म्हणून दार आणतात.

दाराला तोटा नाही. ज्या गावाला १८५२ पासून नगरपालिका होती आणि २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, त्या जुन्या पनवेलमध्ये वाडे उतरवून इमारती उभ्या करण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. वाड्याच्या तुळया, खांब, वासे, कडी-कोयंड्यासकट दारं जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. तिथून एखादं दार सुताराकडे, सुताराकडून काचेखाली आणि काचेसकट नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर डायनिंग टेबल म्हणून येतं. मूळ वाड्यापासून हे अंतर चालत दहा मिनिटांचं असू शकतं. तेवढ्यात दाराची किंमत मात्र कितीतरी पट होते.

त्यात सुताराचा दोष नाही. जुनं सागवान रंध्याखाली घेतलं, की पहिल्या दोन हातांतच काळा थर निघून आतला मधाळ रंग दिसतो आणि तेलकट वास दुकानभर पसरतो. इथवर सगळं छान. तिसऱ्या हाताला रंधा आत रुतलेल्या खिळ्यावर आपटतो. हा खिळा लोहाराने हाताने ठोकलेला, चौकोनी, डोकं कधीच गळून गेलेला. वरून दिसत नाही, पक्कडीत येत नाही. रंध्याचं पातं गेलं, की सुतार काही बोलत नाही, फक्त कानावरची पेन्सिल काढून अंदाजपत्रकात एक आकडा वाढवतो. "नवीन प्लाय घेतलं असतं तर निम्म्यात झालं असतं," हे तो मालकाला काम संपल्यावर सांगतो.

वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी याच्या उलट करून दाखवलं होतं. तिरुवनंतपुरमच्या टेकडीवरचं स्वतःचं घर त्यांनी पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या, फुटक्या फरश्या आणि रिकाम्या बाटल्या वापरून उभं केलं, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता: पैसे वाचतात. बेकरांचं नाव घेणारे डिझायनर पनवेलमध्येही भेटतात. त्यांचं दरपत्रक वाचताना मात्र बेकर आठवत नाहीत.

पैसे वाचवायचेच असतील तर पॅलेट आहेत. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि पनवेल तालुका जगभरच्या मालाच्या वाटेवर आला. मालाखाली येतात त्या चिडाच्या लाकडाच्या चौकटी, म्हणजे पॅलेट. कळंबोली-तळोज्याच्या भंगारवाल्यांकडे त्यांची थप्पी लागलेली असते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर तीस सेकंदांत पॅलेटचा सोफा होताना बघतो आणि रविवारी चार पॅलेट घेऊन येतो.

या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला एक शिक्का असतो. शिक्क्यात देशाची खूण आणि पुढे उपचाराची दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. तो विषारी वायू आहे, ओझोनच्या थराचाही वैरी, आणि असलं लाकूड घरात आणू नये. मुलाने शिक्का बघितलेला असतो. "आजी, हे जर्मनीहून आलंय," एवढीच माहिती तो त्यातून काढतो. आजी जर्मनीवर टेकते आणि लगेच उठते, कारण पॉलिश पेपर मारायचा राहिलेला असतो. मग सुईने कुसळ काढण्याचा कार्यक्रम होतो.

पहिला पावसाळा सोफ्याची परीक्षा घेतो. कोकणातल्या जुलैत चिडाचं लाकूड मनसोक्त पाणी पितं, फुगतं, आणि गादी उचलावी तर खाली बुरशीची पांढरी नक्षी. त्याच खोलीतलं वाड्याचं दार अशा कित्येक जुलैंना पुरून उरलेलं असतं. त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

सोफ्यापेक्षा गृहिणीची खरेदी शहाणपणाची निघते. पुण्यात 'इकोकारी' ही संस्था वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं धुऊन, पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळते आणि हातमागावर त्यांचं कापड विणते; तेच ती आणते. ना बुरशी, ना वाळवी. आजी ते कापड हातात घेऊन उलटसुलट बघते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्यात आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून पातेलं घासाघीस करून घेण्यात तिची हयात गेलेली. तिचा प्रश्न एकच: "पिशव्या आपल्याच दिल्या असत्या तर पैसे काही कमी नसते का केले गं त्यांनी?"

मग येतात दिवे. इथे आकड्यांना पर्याय नाही.

साठ वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. पांढऱ्या उजेडाच्या वाटेत अडलेला निळा एलईडी ज्यांनी बनवला, त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला आणि देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

आता नवीन पनवेलच्या हॉलचा हिशेब. पूर्वी भिंतीवर चाळीस वॅटची एक ट्यूब होती. चोक धरून पन्नासेक वॅट. तिच्यात भाजी निवडणं, अभ्यास, पाहुणे आणि भांडणं सगळं निभावत असे. नूतनीकरणात फॉल्स सीलिंग आलं. त्यात नऊ-नऊ वॅटचे चौदा दिवे, कडेच्या खाचेत दहा मीटर पट्टी, दारापासून केलेल्या टेबलावर लोंबणारे तीन, टीव्हीच्या पाठीमागे निळी झाक. बेरीज दोनशे वॅटच्या वर. "एलईडी आहेत हो, खातात किती!" असं म्हणत सगळे एकदम लावतात.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे ओळखलं होतं. वाफेची इंजिनं जितकी कमी कोळशात चालू लागली, तितका कोळशाचा एकूण खप वाढला, असं त्याचं निरीक्षण होतं.

खरी बचत डोक्यावर फिरत असते, पण तिचं कौतुक कुणी करत नाही. साधा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, ब्रशविरहित मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. पनवेलच्या उकाड्यात पंखा दिवसाचे पंधरा-सोळा तास चालतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर महावितरणच्या बिलातला वरचा टप्पा टळू शकतो. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचं झालं आहे. पण घर दाखवताना "हा आमचा पंखा" असं म्हणून पाहुण्याला थांबवणारा यजमान अजून जन्माला यायचा आहे.

दिव्यांच्या रंगावरून घरात दोन पक्ष पडतात. डिझायनर मुलगी सांगते, "काकू, २७०० केल्विन घ्या, वॉर्म वाटतं." मुलांना ते पटतं. आजीला त्या मंद पिवळ्या उजेडात तूरडाळीतला खडा दिसत नाही. ती ६५०० केल्विनवाली आहे, फक्त तिला ते माहीत नाही. शेवटी तिच्या खोलीत जुनी ट्यूब पुन्हा लागते आणि संध्याकाळी हॉलमधले सगळे तिथेच वाचत, निवडत, मोबाइल बघत बसतात. बाहेरचे चौदाही दिवे चालूच.

हौस घराबाहेर पडली, की सोसायटीत येते. जिन्यात सेन्सरचे दिवे बसतात. माणसाच्या अंगाची ऊब हलली की लागायचे, तीस सेकंदांत विझायचे. जिना चढणाऱ्याला तीस सेकंद पुरतात. जिन्यात उभं राहून बोलणाऱ्याला पुरत नाहीत, आणि पनवेलमध्ये जिना प्रामुख्याने त्यासाठीच वापरला जातो. दर अर्ध्या मिनिटाला अंधार होऊ लागला, तसे बोलता बोलता हात हलवायची सवय लोकांना लागली. दुसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्याला वाटावं, खाली हातघाईवर प्रकरण आलंय.

वार्षिक सभेत विषय निघाला. सचिवांनी विजेच्या बिलातली घट वाचून दाखवली; कुणी ऐकली नाही. तीस सेकंदांची पाच मिनिटं करावीत असा ठराव आला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला बायकांची ये-जा असते, तेव्हा सेन्सर बंदच ठेवावा, अशी उपसूचना एका काकूंनी मांडली. दोन्ही एकमताने मंजूर झाले. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक मजल्यावर सेन्सरच्या शेजारी एक साधं बटण बसवून दिलं. मार्गशीर्ष संपून चैत्र आला. बटणं अजून चालूच आहेत.