दहा पॉइंट सहा

आमच्या सोसायटीत एक संशोधक राहतो. वय सोळा, मुक्काम बी विंग, तिसरा मजला. परवा त्याच्या आईनं पेढे वाटले. दहावीचा निकाल तर कधीच लागून गेला, मग हे कसले? ‘‘अहो, पेपर आला त्याचा!’’ आमच्या पिढीला पेपर दोनच प्रकारचे ठाऊक. एक सकाळी दारात पडतो, दुसरा परीक्षेच्या आदल्या रात्री फुटतो. हा तिसरा निघाला. विषय : छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता.

‘‘मग हॉस्पिटलमध्ये जात होता वाटतं?’’ मी पेढा गिळत विचारलं.

‘‘छे हो, सगळं झूमवर. मेंटॉर बॉस्टनला असतात. दर शनिवारी रात्री, दहा सेशन्स.’’ मग आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘दीड लाख गेले. पण प्रोफाइलसाठी करावंच लागतं.’’

हा मुलगा अकरावी सायन्सला आहे. म्हणजे नाव कॉलेजात, शरीर क्लासमध्ये. या सोयीला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीला प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात, पण जर्नल लिहून मिळतं, सही मागून मिळते आणि मार्क त्यांच्या मागोमाग येतात. कॉलेजच्या लॅबला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. थोडक्यात, ज्याला ब्युरेट उभी धरायची की आडवी हे माहीत नाही, त्याला न्यूमोनिया ओळखता येतो. प्रगती म्हणतात ती हीच.

ही पेपरांची साथ मूळची अमेरिकेची. तिथं कॉलेजप्रवेशाच्या अर्जात नुसते मार्क पुरत नाहीत. पोरगं आणखी काय काय करतं, तेही दाखवावं लागतं. आधी पियानो दाखवला, मग समाजसेवा, आता संशोधन. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये या धंद्यावर लिहिलं, तेव्हा दर अडीच हजार डॉलरपासून दहा हजार डॉलरपर्यंत होते. तेवढ्यात पोराला मार्गदर्शक मिळतो, विषय मिळतो आणि पेपर छापून आणायला मदतही मिळते. आता अट्टल गिऱ्हाईक म्हटलं की आपण आलोच. पुण्या-मुंबईतल्या पालकांनी पासपोर्टच्या आधी पेपर काढायला घेतला. २०२४ मध्ये तर ‘न्यूरिप्स’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नामांकित परिषदेनं शाळकरी मुलांच्या प्रकल्पांसाठी वेगळा विभागच उघडला. मुलांना संधी मिळेल, असा हेतू होता. पण संशोधकांनीच कपाळाला हात लावला. आता पीएचडीवाल्यांची शर्यत दहावीपासून सुरू होणार!

मी या कल्पनेच्या विरुद्ध आहे, असं कुणी समजू नये. शाळकरी पोराला खऱ्या लॅबमध्ये, खऱ्या संशोधकाच्या हाताखाली बसवणं ही फार जुनी आणि फार चांगली गोष्ट आहे. अमेरिकेत १९४२ पासून बारावीच्या मुलांसाठी संशोधनाची एक स्पर्धा चालते. आधी ती वेस्टिंगहाऊसच्या नावानं होती, मग इंटेलच्या, २०१७ पासून रिजेनेरॉनच्या. प्रायोजक बदलले, पोरं तशीच येत राहिली. त्यांतली शेल्डन ग्लॅशो, रोआल्ड हॉफमन, वॉल्टर गिल्बर्ट आणि फ्रँक विल्चेक ही पुढं नोबेल घेऊन गेली. १९८४ पासून ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हे उन्हाळी शिबिर भरतं. हल्ली ते एमआयटीत असतं. सहा आठवडे, जगभरातून निवडलेली शंभरेक मुलं, प्रत्येकाला मार्गदर्शक. फी? शून्य. जाण्यायेण्याचं भाडं तेवढं घरचं. जिथं दर्जाला तोड नाही तिथं पैसे घेत नाहीत, आणि जिथं घेतात तिथं दर्जाचं नाव फक्त पावतीवर असतं. हा योगायोग आमच्या बी विंगच्या लक्षात आला नाही.

जॅक आंद्राकाची गोष्ट तर प्रत्येक प्रेरणादायी भाषणात असते. पंधरा वर्षांच्या या पोरानं स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या चाचणीची कल्पना घेऊन दोनशेच्या आसपास प्राध्यापकांना पत्रं धाडली. होकार एकाचाच आला, जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. अनिर्बान मैत्रांचा. २०१२ मध्ये पोरगं आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत पहिलं आलं. भाषण इथं संपतं आणि टाळ्या पडतात. पुढचं कुणी सांगत नाही : चाचणी किती स्वस्त, किती अचूक याचे जे आकडे पेपरवाल्यांनी नाचवले, त्यांवर जाणत्यांनी नंतर बऱ्याच शंका काढल्या. यात पोराचा दोष नाही. पंधराव्या वर्षी चुकायचं नाही तर कधी? दोष त्याच्या प्रयोगाला लगेच हार घालणाऱ्यांचा. मला त्या गोष्टीत आवडतो तो दोनशेवा माणूस. त्यानं पोराला प्रोफाइल दिलं नाही, लॅबमधलं टेबल दिलं.

असं टेबल मला एकदाच मिळालं. तेही चुकून.

अकरावीला टायट्रेशन होतं. शंकूपात्रात दहा मिलिलीटर ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात फेनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साईड. थेंब थेंब सोडायचं. गुलाबी रंग येतो, हलवलं की जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. शेवटी एक थेंब असा पडतो की रंग राहतो. त्या क्षणी वाचायचं. उत्तर ठरलेलं : दहा. माझं आलं दहा पॉइंट सहा. पुन्हा केलं, दहा पॉइंट सहा. लॅबमधले मामा म्हणाले, ‘‘दहा लिही आणि मोकळा हो. सगळे दहाच लिहितात.’’ मी शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावलो. दहा. त्याच्या शेजारी? दहा. मागच्या वर्षीच्या जर्नलांत दहा, त्याच्या मागच्या वर्षी दहा. पिढ्यान्‌पिढ्या दहा. विज्ञानात इतकं एकमत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी दहा लिहायला पेन टेकवलंच होतं, तेवढ्यात मागून सर म्हणाले, ‘‘आलंय ते लिही. आणि का आलं ते शोध.’’

चार दुपारी गेल्या. ब्युरेट बदलली, दहा पॉइंट सहा. पिपेट बदलली, तेच. ॲसिड नवं केलं, पॉइंट पाच. सर येऊन बघून जायचे, बोलायचे काहीच नाहीत. शेवटी मामांनीच फडताळावरची सोडियम हायड्रॉक्साईडची बरणी काढून दिली. झाकण सैल होतं. आतल्या पांढऱ्या गोळ्या हवेतलं पाणी पिऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे आम्ही वजन करताना पाणीही जोखत होतो, आणि द्रावण कमजोर पडत होतं. नवी बरणी फोडली. दहा पॉइंट एक! मामा माझ्यापेक्षा जास्त हरखले. इतकी वर्षं ते आम्हाला दहा लिहायला सांगत होते आणि बरणी दहा देत नव्हती.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळलं, दहा पॉइंट सहावर लाल गोल केला आणि विचारलं, ‘‘हे काय?’’ मी बरणीची हकीकत सांगितली. त्यांनी एक मार्क कापला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव पिअर रिव्ह्यू.

तर मेंटॉर म्हणजे काय, ते मला त्या चार दुपारींत कळलं. उत्तर माहीत असूनही जो सांगत नाही, आणि चुकलेलं रीडिंग खोडू देत नाही, तो. हा माणूस फुकट असतो, पण महाग पडतो, कारण त्याला चार दुपारी लागतात. दहा सेशन्सच्या पॅकेजात चार दुपारी वाया घालवायची सोय नसते. तिथं निकाल यावाच लागतो, पैसे भरलेत!

सरकारनंही हात आखडता घेतला असं नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मी पाहिलेल्या एका शाळेत थ्री-डी प्रिंटरला सत्यनारायणाच्या चौरंगासारखं लाल कापड होतं. ते पाहुणे आले की निघतं. १९९९ पासून मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांना हुडकणारी ‘केव्हीपीवाय’ ही शिष्यवृत्ती २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. आपल्याकडे बंद पडणाऱ्या योजना विलीन होतात; माणसं तेवढी वारतात. उलट मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ‘क्यूब’ नावाचा उपक्रम आहे. तिथली पोरं पिकल्या केळ्यावर फळमाश्या पकडून वाढवतात आणि प्रयोग करतात. एक केळं, एक बाटली, थोडा कापूस आणि विचारायला कुणीतरी जाणतं माणूस. यात दीड लाख कुठं बसवायचे, हा प्रश्नच आहे.

काल लिफ्टमध्ये संशोधक भेटला. म्हटलं, ‘‘तुझ्या पेपरात चुकलेलं रीडिंग कुठलं रे?’’ तो गोंधळला. ‘‘नाही काका, डेटा नेटवरून घेतला. क्लीनच होता.’’ मग मी त्याला माझ्या दहा पॉइंट सहाची हकीकत सांगितली. तिसरा मजला आला, तरी तो उतरला नाही. ‘‘म्हणजे काका, तुम्ही खरंच चार दिवस एकच गोष्ट करत होतात? आणि उत्तर कुणालाच माहीत नव्हतं?’’

‘‘सरांना असेल. त्यांनी सांगितलं नाही.’’

‘‘मला बघायचंय ते. गुलाबी होतं ते.’’

आज आम्ही दोघं त्याच्या कॉलेजात गेलो. त्यालाही इमारत शोधावी लागली. लॅबला कुलूप होतं. किल्ली ऑफिसात होती. ऑफिस म्हणालं, प्रिन्सिपॉलना अर्ज द्या, कारण लिहा. मुलानं कारण लिहिलं : ‘बघायचे आहे.’ क्लार्कनं अर्ज परत केला. हे कारण यादीत नव्हतं.