शंभर टक्के पूर्तता

आपल्या जुन्या, भारदस्त कंपन्यांत कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अखेर डिजिटल झालं, आणि या क्रांतीचा आत्मा म्हणजे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातलं राखाडी ‘पुढे’ बटण. स्लाइडवर लिहिलेलं वाक्य निवेदिका जसंच्या तसं वाचून दाखवते आणि तिचं संपेपर्यंत बटण दबत नाही. साक्षर माणसाचं वाचून केव्हाच झालेलं असतं. बटणाला त्याचं काय! निवेदन संपतं, बटण निळं होतं, दाबलं की पुढची स्लाइड, पुन्हा राखाडी. दरम्यान माणूस चहा पिऊन आला की तुंबलेल्या फायली उपसत बसला, याची कोणी चौकशी करत नाही. फक्त वेळ जायला हवा. थोडक्यात, शिकवणं होतं तिथेच आहे. आधुनिक झालं ते मस्टर.

हा आरोप आकसाचा वाटत असेल तर यंत्रणेची नोंदवही पाहा. असे कोर्स सर्रास ज्या ‘स्कॉर्म’ मानकावर चालतात, त्याची 1.2 ही आवृत्ती 2001 सालची. (‘इंडस्ट्री 4.0’च्या पोस्टरमागे ती अजून सुखात आहे.) तिच्यात कर्मचाऱ्याच्या सहा अवस्था मांडता येतात: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसतं चाळलं आणि सुरूच केलं नाही. ‘समजलं’ ही सातवी अवस्था नाही. शेवटची चाचणी तरी अडवेल म्हणावं, तर प्रयत्न अमर्याद, प्रश्न तेच आणि सर्वांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मालकाला ठरावीक अंतराने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायला सांगतो. त्या कार्यशाळेचंही आपण बटण करून टाकलं. ज्या साहेबाने तो कोर्स मन लावून पाहायला हवा, त्याच्या वतीने तो त्याची सेक्रेटरी पूर्ण करते.

यावर मनुष्यबळ विभागाचं उत्तर तयार असतं: पन्नास हजार माणसं, वीस कारखाने, सगळ्यांना वर्गात कसं बसवणार? शिवाय वैमानिकही सिम्युलेटरवरच शिकतात ना? शिकतात, कारण तिथे चुकलं तर विमान पडतं. पडद्यावरच पडतं, पण पडतं, आणि चूक नेमकी कुठे झाली हे शेजारी बसलेला प्रशिक्षक सांगतो. आपल्याकडच्या कोर्समध्ये काहीच पडत नाही. अग्निसुरक्षेचं मॉड्यूल घ्या. त्यात ॲनिमेशनमधली आग आहे, हसऱ्या चेहऱ्याचा कर्मचारी आहे, पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, हे सगळं आहे. चार वेळा ‘पुढे’ दाबलं की आग विझते आणि बॅज मिळतो. आणि ज्याला तो बॅज मिळाला त्याने भिंतीवरचं खरं लाल नळकांडं आयुष्यात एकदाही उचललेलं नसतं! त्याचं वजन किती, पिन किती घट्ट बसते, धुरात श्वास कोंडल्यावर हात कसे थरथरतात, यातलं त्याला काही ठाऊक नाही. ते नळकांडं मिनिटाच्या आत रिकामं होतं. तिथे दुसरा प्रयत्न नसतो. पूर्वी लेथचा नुसता आवाज ऐकून टूल बोथट झालंय हे ओळखणारे मिस्त्री नव्या पोरांना हाताशी धरून, प्रसंगी चार शिव्या हासडून शिकवत. शिव्यांचं समर्थन नाही, पण पोराला आलं की नाही हे मिस्त्रीला त्याच दिवशी कळायचं. त्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं, आणि वाचलेल्या पैशांतून काय आणलं? लीडरबोर्ड! कोर्स भराभर उरकणाऱ्याचं नाव वर! सुरक्षेचं शिक्षण घाईने संपवणाऱ्याला बक्षीस द्यायची कल्पना ज्या मेंदूतून निघाली, त्यालाच आधी कुठल्या तरी कोर्सला बसवायला हवं.

नोंद तर लागतेच, ऑडिटर मागतात, असंही म्हणतील. मागतात, आणि नेमकी हीच मेख आहे. अपघातानंतर कंपनीला हात वर करता यावेत म्हणून ती नोंद असते. कामगाराने सगळं पाहिलं, शंभर टक्के गुण मिळवले, तेव्हा चूक त्याची. पोर्टल वाचवतं ते कंपनीला, आणि तेवढ्यापुरतं ते चोख काम करतं.

तेव्हा प्रशिक्षणप्रमुखांना विनंती एवढीच. या तिमाहीचा शंभर टक्के पूर्ततेचा मेल वर धाडण्याआधी त्या यादीतली कुठलीही दहा माणसं आवारात बोलवा, सेफ्टी ऑफिसरला उभं करा, पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवा आणि एकेकाच्या हातात नळकांडं द्या. टक्केवारी मग कळवा.