आठ मण

वैशाख उतरणीला लागला, समुद्रावरून येणारा वारा जड झाला, आणि कोकणात जिला आगोट म्हणतात ती घाई घराघरांतून सुरू होऊन कौलांची शाकारणी आटोपली, पडवीला झापे बांधून झाली, मिठाची मडकी आणि आमसुलांच्या बरण्या तोंडे बांधून माळ्यावर गेल्या, की गावातला जो एक गृहस्थ हाती काठी घेऊन, आमंत्रणाची वाट न पाहता, ज्याच्या त्याच्या पडवीत प्रकट होतो आणि रचलेल्या लाकडांकडे सावकाराने गहाणाच्या दागिन्याकडे पाहावे तसे पाहत “पुरायचे नाही” एवढे दोनच शब्द उच्चारतो, त्याला आमच्या गावी तात्या म्हणत. तुमच्या गावी त्याला अण्णा किंवा आबा म्हणत असतील; काठी तीच आणि शब्दही तेच.

आमचे तात्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षे जमाबंदीची पत्रके आणि थकबाकीचे तक्ते यांत घालवलेल्या मनुष्याला पेन्शनीत देव आठवावा अशी लोकांची अपेक्षा असते. तात्यांना सरपण आठवले. त्यांच्या हिशेबाचे मूळ कलम साधे होते. आठ माणसांचे घर, दोन वेळचा स्वयंपाक आणि सकाळी न्हाणीतला हंडा मिळून दिवसाला अर्धा मण लाकूड. मण म्हणजे चाळीस शेरांचा, ब्याऐंशी पौंडांचा पक्का मण. मृगापासून हस्ताच्या अखेरीपर्यंत नऊ नक्षत्रांचे सुमारे १२० दिवस. म्हणजे ६० मण, म्हणजे तीन खंडी. इथवर कोणीही शाळामास्तर पोचला असता. तात्यांची प्रतिभा जागी होई ती यापुढे, कमी-जास्तीच्या सदरात.

पहिली वजावट लाकडाच्या जातीची. ऐन, किंजळ, खैर यांना तात्यांच्या दप्तरी पूर्ण मान्यता होती. रायवळ आंब्याला सशर्त. सावर आणि पांगारा यांना ते लाकूड म्हणायलाच तयार नसत, “तो कागद आहे” म्हणत. दुसरी वजावट ओलाव्याची. होळीनंतर तोडलेले आणि वैशाखाच्या उन्हात पुरते न वाळलेले लाकूड वजनाने निम्म्यापर्यंत पाणीच असते, आणि वखारवाला काट्यावर त्या पाण्याचेही पैसे घेतो, हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या अपहाराची चौकशी चालवणाऱ्या अधिकाऱ्यासारखा होई. दोन ढलप्या उचलून ते एकमेकींवर आपटत. खणखणीत आवाज आला तर मान हलवत. ‘भद्द’ झाले तर घरच्या यजमानाकडे असे पाहत की त्या बिचाऱ्याला आपण स्वतःच पुरते वाळलो नसल्याची लाज वाटे.

यानंतर माणसांची गणना. खानेसुमारीचा नोकर घरात किती माणसे आहेत एवढेच विचारतो. तात्या घरात किती माणसे असतील हे विचारत. मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार काय? मग सव्वा महिन्याची शेकशेगडी आणि दोन वेळचे कढत पाणी, म्हणून पाच मण. मुंबईचे चाकरमाने गणपतीला उतरणार काय? मग अडीच मण, “कारण ही मंडळी मुंबईत नळाखाली कुडकुडतात आणि इथे आली की एकेक जण तीन घंगाळी उपसतो.” पुतण्याचे लग्न ठरता ठरता राहिले आहे काय? मग तूर्त एक मण, बाकीची तरतूद ठरल्यावर. अशा रीतीने गावातल्या कुणाच्या घरी कोणते मंगल कार्य, कोणता पाहुणा आणि कोणते भांडण येऊ घातले आहे, हे घरच्या मंडळींच्या आधी तात्यांच्या वहीत सरपणाच्या रूपाने दाखल झालेले असे. पोराला नोकरी लागणार नाही, तो चारही महिने घरीच बसून चहा पिणार, हेही एका बापाला प्रथम तात्यांच्या ‘चहा खाती दोन मण’ या नोंदीवरूनच समजले.

आता ज्या कलमामुळे तात्या पंचक्रोशीत अप्रिय झाले त्याकडे वळतो. जिथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो तिथे आषाढात कुणाच्या घरी दुःखद प्रसंग आला तर कोरडे लाकूड ऐनवेळी मिळत नाही, म्हणून ते आधीपासून निराळे काढून झाकून ठेवायचे असते. ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असते आणि कोणीही ती तोंडाने बोलत नाही. तात्याही बोलत नसत. ते फक्त घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे क्षणभर पाहत आणि बेरजेत ‘संकीर्ण’ म्हणून आठ मण मिळवत. सरकारने १९५६ साली दशमान वजनांचा कायदा केला तेव्हा त्यांनी आठ मणांचे किलो काढून पाहिले. ते २९८ आणि वर काही ग्रॅम भरले. “असल्या प्रसंगी अपूर्णांक शोभत नाही,” असा शेरा मारून ते पुन्हा मणांवर आले.

आमच्या आजीकडे त्यांनी प्रथम तसे पाहिले तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती आणि ओसरीवर बसून कुळीथ पाखडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, “तात्या, ऐनाचे धर हो. आंब्याच्या धुराने मला खोकला येतो.” त्या सालापासून आजीच्या नावचे आठ मण ऐन आमच्या गोठ्याच्या माळ्यावर चढू लागले आणि दरसाल नरकचतुर्दशीच्या पहाटे, आजी धडधाकट उरली या आनंदात, अभ्यंगस्नानाच्या हंड्याखाली जाऊ लागले. असे अकरा वेळा झाले. दर वर्षी तात्या वहीत ‘मागील साली खर्च न झाल्याने पुढे ओढले’ असे लिहीत, आणि ती ओळ लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी दिसे असे माझे तरी मत आहे.

आता प्रामाणिकपणे विचारायचे तर, तात्यांचा अंदाज खरा ठरे काय? ठरे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरी तर इतका तंतोतंत ठरे की हस्ताच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या पडवीत चार ढलप्या शिल्लक राहत आणि त्या पाहायला ते गावाला बोलावीत. यामागचे रहस्य मला फार उशिरा, त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो असता कळले. दर रविवारी तात्या काठीवरल्या खुणांनी लाकडांची रास मोजत, आणि रास वहीतल्या आकड्यापेक्षा भरभर उतरते आहे असे दिसताच काकू काही न बोलता न्हाणीची चूल सोडणांवर आणि वाळल्या झावळ्यांवर चालवू लागत. भाताखालचा विस्तव ओढून त्यावर आमटी उकळे, आमटीची धग वैलावर जाऊन तिथे दूध तापे, आणि करवंट्यांच्या निखाऱ्यावर दुपारचा चहा होई. अंदाज तात्या करत. तो खरा काकू करत. सरकारी अंदाजपत्रकांच्या बाबतीत ही काकू कोण असते याचा मी अधूनमधून विचार करतो.

एकदाच मी तात्यांना हतबुद्ध झालेले पाहिले. त्यांचा पुतण्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेला होता आणि ईशान्येकडच्या व्हरमाँट संस्थानात एका शेतकऱ्याच्या घरी राहत होता. त्याने लिहिले की इथे लाकूड काट्यावर घालत नाहीत, रचून मोजतात. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशा १२८ घनफुटांच्या राशीला ‘कॉर्ड’ म्हणतात, आणि आमच्या घराला हिवाळ्यात अशा सहा कॉर्ड लागतात. तात्यांनी दोन दिवस घेतले. वाळलेल्या कठीण लाकडाची एक कॉर्ड साडेतीन हजार पौंडांच्या घरात जाते, म्हणजे आपल्या दोन खंडींच्या वर. सहांच्या बारा खंडींच्या वर! “घरात माणसे किती?” त्यांनी उलट टपाली विचारले. उत्तर आले, तीन. “मग लग्ने किती?” याचे उत्तर पुत्राच्या जागी असलेल्या पुतण्याने संयमाने दिले, की इथे बहुतेक लाकूड स्वयंपाकाला नव्हे, घरातली हवा तापवायला जाळतात. तात्यांनी पत्राची घडी केली. हवा या कलमासाठी त्यांच्या वहीत सदरच नव्हते. परंतु त्याच पत्रात पुढे असेही होते की, तिकडचे जुने शेतकरी २ फेब्रुवारीला रास पाहतात आणि त्या दिवशी निम्मे लाकूड शिल्लक नसेल तर काळजीत पडतात. आणि हे वाचून तात्यांचा चेहरा उजळला. तेही नारळी पौर्णिमेला नेमके हेच करत. “माणसे उधळी आहेत,” ते म्हणाले, “पण दप्तर चोख आहे.”

आजीच्या अकराव्या वर्षीची गोष्ट. तात्या नेहमीप्रमाणे आले, नेहमीप्रमाणे पाहिले, आणि वही उघडणार तोच आजी म्हणाली, “माझे धरलेस ते बरे केलेस. पण तुझ्या घरचे आठ कुणाच्या नावावर पडतात रे?” तात्या काही बोलले नाहीत. साऱ्या गावाची गणना केलेल्या त्या माणसाने स्वतःच्या घरच्या पत्रकात ‘संकीर्ण’ हे सदर कधी आखलेच नव्हते. ते घरी गेले आणि झाल्या प्रकाराची त्यांनी काकूंपाशी तक्रार केली. काकू निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून उठल्या, त्यांना गोठ्यामागे घेऊन गेल्या आणि पेंढ्याखालची एक रास दाखवत म्हणाल्या, “तुमच्या साठीपासून दरसाल काढून ठेवत्ये.”

तात्यांनी काठी लावली. पुन्हा लावली. मग दोन ढलप्या आपटून पाहिल्या. लाकूड खणखणीत होते.

“हे नऊ मण आहेत,” ते म्हणाले. “आठांत भागते.”

“लोकांचे भागते,” काकू म्हणाल्या. “तुम्ही एका काडीत पेटणाऱ्यांतले नव्हेत.”

तात्या थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी वही काढली आणि नऊचा आकडा कायम केला.