हाकणारा आणि राखणारा

एव्होरा, पोर्तुगाल

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. सेलूच्या शेतावरील गवळाऊ गाई व शेळ्या राखावयास आमच्या कुत्र्याच्या जातीचे एक पिल्लू धाडावे, असा जो हुकूम आपण त्यात फर्माविला आहे, त्याची तामिली करण्यापूर्वी या प्राण्याचे गुणावगुण आपल्या कानी घालणे अगत्याचे आहे.

‘सेर्रा द आयरेस’ नावाचा हा आलेंतेजु प्रांतातील मेंढपाळांचा कुत्रा. नराची उंची 45 ते 55 सेंटिमीटर, वजन 17 ते 27 किलो, अंगभर शेळीसारखे लांब केस, आणि दाढी, मिशा व भुवया इतक्या भरघोस की, इकडील लोक त्याला सरळ माकड-कुत्राच म्हणतात. वंश जुना असूनही आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने त्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले ते 1996 साली. दप्तरी कामाची गती सर्वत्र सारखीच, एवढेच यावरून समजावे.

मेंढ्या, शेळ्या, गुरे, घोडे, फार काय डुकरेही हाकण्याची याची परंपरा. आणि आमच्या घरी यांपैकी काहीच नसल्यामुळे त्याने आपला अंमल आम्हांवर बसविला आहे. फिरावयास निघालो असता आपला नातू पुढे पळाला आणि सूनबाई मागे रेंगाळली, की हा वर्तुळाकार धावून उभयतांना एकत्र आणतो, व सर्वांची हजेरी भरल्याखेरीज कोणास पाऊल टाकू देत नाही. पाहुण्यांना तर निरोप घेण्याचीही मुभा नाही. आपल्याकडील पंगतीतला आग्रह यापुढे फिका पडावा! दिवसभर काम मिळाले नाही, तर तो स्वतः काम काढतो, आणि ते बहुधा माझ्या पादत्राणांवर असते.

अंगाला आतली लोकर नसल्यामुळे आठवड्यातून एकदा केस विंचरले की भागते. खरी दैना उन्हाळ्यातील कुसळांची. ती बोटांच्या बेचक्यांत व लोंबत्या कानांत शिरून मांसापर्यंत जातात. सबब प्रत्येक फेरीनंतर पंजे आणि कान तपासणे प्राप्त, आणि सेलूकडे कुसळांचा तुटवडा नाही, हे मी आपणांस काय सांगावे?

तिकडील उन्हाची मला त्याच्यासाठी धास्ती नाही. येथेही पारा चाळिशी ओलांडतो. परंतु सेलूशेजारच्या बोरच्या जंगलातून बिबट्या आला, तर त्याच्याशी झुंजणे हे याच्या खात्यात बसत नाही. त्यासाठी येथील मेंढपाळ राफेइरु नावाचा थोराड कुत्रा वेगळा बाळगतात.

तेव्हा पिल्लू धाडत नाही. धनगरांच्या तळावरील एखादे धिप्पाड गावठी पिल्लू आपण पाहून ठेवावे. ती. आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
बाळ