क्लॉक चालूच राहू द्या

मोबाइल असो वा राउटर, आतल्या चिपवर क्लॉकची भलीमोठी उतरंड असते. यूआर्टला एक, आयटूसीला एक, कॅमेऱ्याला दोन-चार. क्लॉकचे ठोके पडतात तोवरच तो भाग काम करतो. काम असो वा नसो, हे ठोके अखंड पडू द्यावेत, असं मानणारे ड्रायव्हर-लेखक आहेत. त्यांची म्हणावी तशी कदर झालेली नाही. ती व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विरोधक लगेच सूत्र सांगतात: ठोक्यांपायी जळणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात, ठोके थांबवा, ती वाचते. वाचते, मान्य. पण त्यामुळे झोप मिळते ती चिपला. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची उडते.

क्लॉक बंद असताना त्या भागाचं एखादं रजिस्टर वाचून पाहा. कित्येक एआरएम चिपांवर बस उत्तरच देत नाही. नशीब असेल तर कर्नल अ‍ॅबॉर्ट दाखवून कोसळतो. नसेल तर सीरियल कन्सोलवर अर्धी ओळ उमटते आणि बोर्ड जागच्या जागी थिजतो. कारण शोधायला मध्ये दोन प्रिंट टाकावेत, तर वेळेचं गणित बदलतं आणि सगळं सुरळीत चालू लागतं. प्रिंट काढले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. चालू क्लॉकने असा दगा कुणाला दिलेला नाही.

लिनक्समध्ये 2009 साली, 2.6.32 आवृत्तीत, रनटाइम पॉवर मॅनेजमेंट आलं. नियम एका ओळीचा: डिव्हाइस वापरण्याआधी ‘गेट’ करून मोजणी वाढवा, काम संपल्यावर ‘पुट’ करून उतरवा. मेख अशी, की ‘गेट सिंक’ अपयशी ठरलं तरी मोजणी वाढलेलीच राहते. म्हणजे जे मिळालंच नाही तेही परत करायचं! ड्रायव्हरमागून ड्रायव्हर इथे ठेचकाळले. अपयश आल्यास मोजणी स्वतःहून उतरवणारं फंक्शन 5.10 मध्ये मिळालं, तेव्हा 2020 संपत आलं होतं. आमच्या मंडळींना या अकरा वर्षांत काहीही दुरुस्त करावं लागलं नाही. प्रोबमध्ये एकदा ‘गेट’, पुढे ‘पुट’ नाहीच. मोजणी एकवर जाते आणि वीज जाईपर्यंत एकवरच राहते.

क्लॉकचंही तेच. 2012 साली 3.4 मध्ये आलेल्या कॉमन क्लॉक फ्रेमवर्कने काम दोन पायऱ्यांत वाटलं. ‘प्रिपेअर’ झोपू शकतं, कारण पीएलएल स्थिरावायला वेळ लागतो. ‘इनेबल’ला झोपायची मुभा नाही, कारण ते इंटरप्टमधूनही बोलावलं जातं. कोणतं कुठे, यावर रिव्ह्यूमध्ये काथ्याकूट चालतो. प्रोबमध्येच दोन्ही उरकून टाकणाऱ्याला त्यात पडावं लागत नाही.

एक धोका मात्र उरतो. बूट संपत आलं की कर्नल मालक नसलेले क्लॉक शोधून बंद करतो. बूटलोडरने उजळलेला स्क्रीनवरचा लोगो अशा वेळी भर उजेडात विझलेला आम्ही पाहिला आहे. त्यावर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘सीएलके इग्नोअर अनयूज्ड’ एवढंच लिहावं. हे डीबगिंगपुरतं आहे, ड्रायव्हर नीट असतील तर गरज पडू नये, असं दस्तऐवज म्हणतो. प्रॉडक्टमध्येही ते ठेवणाऱ्यांनी दस्तऐवजाहून अधिक माणुसकी दाखवली.

डीबगएफएसमधली ‘क्लॉक समरी’ उघडा. काटकसरी बोर्ड रिकामा बसला असेल तर इनेबलच्या रकान्यात शून्यांची रांग दिसते. आमच्याकडे खालच्या यूआर्टला एक, म्हणून त्याच्या पालकाला एक, त्याच्या वरच्या पीएलएलला एक. एक पोर जागं राहिलं की अख्खं घराणं जागं राहतं, आणि चिप गाढ झोपेच्या पायरीपर्यंत पोचत नाही. फोन रात्रभर नुसता पडून अर्धा उतरला, अशी तक्रार आलीच, तर ती बॅटरीवाल्या टीमकडे जाते. तिथे मोठ्या बॅटरीचा प्रस्ताव तयार होतो. ड्रायव्हरच्या नावावर एकही बग चढत नाही.